हेलन केलर: पंपाच्या पुढची गोष्ट

हेलन केलर म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र उभं राहतं. अंगणातला हातपंप, मुलीच्या एका हातावर पडणारी गार पाण्याची धार आणि दुसऱ्या तळहातावर पाणी या शब्दाची इंग्रजी अक्षरं बोटांनी काढणारी तिची शिक्षिका. हे आपण शाळेत कधीतरी वाचलेलं असतं, वक्तृत्व स्पर्धेत कोणीतरी हातवारे करून सांगितलेलं असतं, नाहीतर २००५ साली आलेला संजय लीला भन्साळींचा ब्लॅक बघताना डोळे पुसलेले असतात. प्रसंग खरा आहे, ५ एप्रिल १८८७ चा आहे. पण त्या दिवशी हेलन पावणेसात वर्षांची होती आणि त्यानंतर ती आणखी ८१ वर्षं जगली. त्या ८१ वर्षांत तिने काय केलं असं कोणी विचारलं, तर आपली गाडी पंपापाशीच अडते.

मी तिच्याकडे वळलो तो कामाच्या निमित्ताने. आम्हा आयटी कन्सल्टंट लोकांच्या वाट्याला जी अनेक बिनग्लॅमरची कामं येतात, त्यातलं एक म्हणजे क्लायंटची वेबसाइट दृष्टिहीन माणसाला स्क्रीन रीडरवर वापरता येते का ते तपासणं. बटणं आणि लिंका तपासता तपासता मनात आलं, वेबसाइटचं एक वेळ ठीक आहे, पण ही मंडळी पुस्तकं कशी वाचतात? शोधायला लागलो तेव्हा कळलं की इथे अमेरिकेत अशा वाचकांसाठी सरकारी खर्चाने चालणारी, पूर्णपणे मोफत लायब्ररी आहे आणि ती नव्वदहून जास्त वर्षं चालू आहे. आणि तिच्या इतिहासात पुन्हा पुन्हा हेलन केलर भेटते. पंपावरची छोटी मुलगी नव्हे, पन्नाशीतली, हट्टी, राजकारण कळणारी बाई.

तर मंडळी, ही तिची गोष्ट. सुरुवात अर्थातच लहानपणापासून.

हेलनचा जन्म २७ जून १८८० चा, अलाबामा राज्यातल्या टस्कंबिया या छोट्या गावातला. वडील आर्थर केलर यादवी युद्धात दक्षिणेच्या बाजूने लढलेले कॅप्टन, पुढे गावच्या वर्तमानपत्राचे संपादक. हेलन दीड वर्षाची झाली, बोबडे शब्द बोलायला लागली, आणि १८८२ च्या फेब्रुवारीत तिला एक दुखणं झालं. ताप उतरला, सगळ्यांना हायसं वाटलं, आणि मग लक्षात आलं की मुलीला दिसत नाही आणि ऐकूही येत नाही.

आई केट मात्र वाचणारी होती. चार्ल्स डिकन्सच्या अमेरिकेच्या प्रवासवर्णनात तिने लॉरा ब्रिजमन या अंध-बधिर मुलीबद्दल वाचलं होतं. ती मुलगी बॉस्टनच्या पर्किन्स अंधशाळेत शिकली होती. आता गंमत बघा, अलाबामातल्या एका आईला आपल्या मुलीला शिकवता येईल अशी आशा मिळाली ती एका पुस्तकातून. १८८६ मध्ये केलर मंडळी बाल्टिमोरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेली, त्यांनी वॉशिंग्टनला अलेक्झांडर ग्रॅहम बेलकडे पाठवलं (हो, तोच टेलिफोनवाला, बहिऱ्यांचं शिक्षण हा त्याचा जन्मभराचा विषय होता), आणि बेलने पर्किन्सचे संचालक मायकेल अनाग्नोस यांना पत्र लिहायला सांगितलं. त्यातून ३ मार्च १८८७ ला टस्कंबियाच्या स्टेशनवर वीस वर्षांची एक मुलगी उतरली. ॲन सलिव्हन.

ही तारीख लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ॲनवर खरं तर स्वतंत्र लेख व्हायला हवा. आयर्लंडहून आलेल्या गरीब घरातली पोर. पाचव्या वर्षी खुपऱ्या होऊन नजर अधू झाली, आई गेली, बापाने सोडलं, ट्यूक्सबरीच्या सरकारी गरीबखान्यात धाकट्या भावासोबत भरती झाली आणि तिथे तो भाऊही डोळ्यांदेखत गेला. चौदाव्या वर्षी पर्किन्समध्ये आली तेव्हा तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. सहा वर्षांनी ती वर्गात पहिली आली. हेलन तिला जन्मभर नुसतं टीचर म्हणत असे, आपण बाई म्हणतो ना, तसं.

बाईंनी हेलनला आधी शब्द दिले आणि लगेच वाचायला शिकवलं. पुठ्ठ्याच्या पट्ट्यांवर उठावाची अक्षरं असत. बाहुलीवर बाहुलीची पट्टी, पलंगावर पलंगाची. १८८८ मध्ये दोघी बॉस्टनला पर्किन्समध्ये गेल्या. उठावाच्या पुस्तकांचा तिथला संग्रह देशात सर्वांत मोठा समजला जाई. आठ वर्षांच्या हेलनला तिथे रोज थोडा वेळ मोकळं सोडत. ती या कपाटाकडून त्या कपाटाकडे फिरायची, हाताला येईल ते काढायची, अर्ध्याहून जास्त शब्द कळत नसतानाही बोटं फिरवत बसायची. आपली मुलं पब्लिक लायब्ररीत गालिच्यावर फतकल मारून बसतात, अगदी तसंच. फरक एवढाच की तिला तसं बसता येईल अशा जागा त्या काळी अख्ख्या अमेरिकेत बोटांवर मोजण्याइतक्या होत्या.

बाकी वेळ पुस्तक तिच्यापर्यंत पोचायचं ते दुसऱ्या कोणाच्या तरी बोटांतून. कोणीतरी छापील पुस्तक डोळ्यांनी वाचायचं आणि एकेक अक्षर तिच्या तळहातावर उमटवायचं. याची काय किंमत मोजावी लागते ते तिला अकराव्या वर्षी कळलं. तिने एक छोटी परीकथा लिहून अनाग्नोस यांना वाढदिवसाची भेट म्हणून पाठवली. त्यांनी कौतुकाने छापली. मग उघडकीला आलं की मार्गारेट कॅन्बी नावाच्या लेखिकेची जवळपास तशीच गोष्ट आधीच प्रसिद्ध झालेली होती. ती गोष्ट काही वर्षांपूर्वी सुट्टीत कोणीतरी हेलनच्या हातावर वाचून दाखवली होती. गोष्ट मनात राहिली, कुठून आली ते विसरलं. पर्किन्समध्ये रीतसर चौकशी समिती बसली. आठ मोठी माणसं, समोर अकरा-बारा वर्षांची मुलगी, आणि बाईंना बाहेर थांबायला सांगितलेलं. चार मतं एकीकडे, चार दुसरीकडे; अनाग्नोस यांच्या मताने ती सुटली. पण नंतर त्यांचंही मन फिरलं, आणि आपण लिहितोय ते आपलंच आहे ना, ही धास्ती तिला पुढे कित्येक वर्षं पुरली.

मला या प्रकरणात वेगळीच गोष्ट दिसते. आपण एखादं वाक्य कुठे वाचलं ते आठवत नसेल तर कपाटातून पुस्तक काढून बघतो. जिचं वाचन दुसऱ्याच्या बोटांतून येतं आणि हवेत विरून जातं, तिने कुठे जाऊन बघायचं? आपल्याला हवं तेव्हा हातात धरता येईल, मागची पानं उलटता येतील असं पुस्तक, ही तिच्यासाठी चैन नव्हती.

आणि अशी पुस्तकं जी काही होती, त्यांच्यात एक भलतंच भांडण चालू होतं. इथे माझ्यातला इंजिनिअर जागा होतो, तेव्हा जरा सहन करा.

आपल्या अंकाच्या संपादनाचं काम ज्यांनी पूर्वी कधी केलंय त्यांना आठवत असेल. एकाचा लेख शिवाजी फॉन्टमध्ये यायचा, दुसऱ्याचा श्रीलिपीत, तिसऱ्याचा आणखी कशात, आणि आपल्या मशिनवर उघडला की नुसती रांगोळी. युनिकोड सगळीकडे रुळेपर्यंत संपादकांनी काय भोगलं ते त्यांनाच ठाऊक. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेतल्या अंध वाचकांची अवस्था थेट अशीच होती. लुई ब्रेलची सहा ठिपक्यांची लिपी फ्रान्समधून इंग्लंडात गेली होती. अमेरिकेत मात्र न्यूयॉर्कच्या विल्यम वेट यांनी न्यूयॉर्क पॉइंट नावाची स्वतःची लिपी काढली, दोन ठिपके उंच आणि रुंदी अक्षरागणिक बदलणारी. पर्किन्सच्या जोएल स्मिथ यांनी तिसरी काढली, अमेरिकन ब्रेल. तिच्यात जास्त वापरल्या जाणाऱ्या अक्षरांना कमी ठिपके होते. (हफमन कोडिंग शिकलेल्यांनी इथे मान डोलवावी. कल्पना हुशारीचीच होती.) शिवाय जुन्या उठावाच्या रोमन अक्षरांची पुस्तकं होती, आणि इंग्लंडच्या विल्यम मून यांची मून लिपी होती. प्रत्येकाचे कैवारी वेगळे, छापखाने वेगळे. तीच पुस्तकं दोन-तीनदा छापायची, आधीच अपुरे असलेले पैसे असे वाटून टाकायचे, आणि वाचकाने सगळ्या लिप्या शिकायच्या. हेलनने त्या शिकल्या, चार-पाच लिप्या. का, तर जे पुस्तक हवं ते कुठल्या लिपीत असेल याचा नेम नाही.

१८९९ च्या जूनमध्ये ती रॅडक्लिफ कॉलेजच्या प्रवेश परीक्षेला बसली. परीक्षेला दोन दिवस असताना बीजगणिताची जुनी प्रश्नपत्रिका ब्रेलमध्ये उतरवून तिला पाठवली गेली, आणि तिच्या लक्षात आलं की चिन्हं अमेरिकन ब्रेलमधली आहेत. भाषेपुरत्या तिन्ही लिप्या तिला येत होत्या, पण गणित ती इंग्लिश ब्रेलमध्ये शिकली होती. कंस, वर्गमूळ, सगळी चिन्हं निराळी. आदल्या रात्री बसून तिने नवी चिन्हं पाठ केली. परीक्षेत चिन्हं ओळखण्यातच वेळ गेला, तरी पास झाली. प्रॉडक्शन रिलीजच्या आदल्या रात्री कोणीतरी डेटाचा फॉरमॅट बदलावा, त्यातला हा प्रकार, आणि इथे तर पणाला मुलीचं कॉलेज लागलेलं.

कॉलेजच्या फीची व्यवस्था झाली ती मार्क ट्वेनमुळे. त्यांनी शब्द टाकला आणि स्टँडर्ड ऑइलचे हेन्री रॉजर्स यांनी खर्च उचलला. अभ्यासाची बहुतेक पुस्तकं उठावात नव्हतीच. बाई वर्गात शेजारी बसून व्याख्यान हातावर उतरवायच्या, घरी येऊन तासन् तास पुस्तकं उतरवायच्या, तेही स्वतःचे अधू डोळे ताणून. १९०३ मध्ये हेलनचं आत्मचरित्र प्रसिद्ध झालं, १९०४ मध्ये ती ऑनर्ससह पदवीधर झाली. अंध-बधिर व्यक्तीने बी.ए. होण्याची ती पहिलीच वेळ.

त्याच १९०४ मध्ये अमेरिकन संसदेने एक छोटासा कायदा केला. वर्तमानपत्रांनी त्याची फारशी दखल घेतली नसावी, पण माझ्या मते तो हेलनच्या पदवीइतकाच मोठा. अंधांसाठीची पुस्तकं लायब्ररीतून वाचकाकडे जाताना आणि परत येताना टपालखर्च लागणार नाही, असा तो कायदा. ब्रेलचं पुस्तक म्हणजे काय चीज असते ते हातात धरल्याशिवाय कळत नाही. जाड कागद, ठिपके दबू नयेत म्हणून सैल बांधणी, एका साध्या कादंबरीचे चार-पाच ग्रंथराज होतात. बायबल तर अख्खं कपाट अडवतं. असं पुस्तक कोण विकत घेणार, घेतलं तर ठेवणार कुठे, आणि पोस्टाने मागवायचं तर खर्च केवढा? म्हणजे लायब्ररी हवी, ती दूरच्या खेड्यापर्यंत पोचणारी हवी, आणि पोस्ट फुकट हवं. तिन्ही असेल तरच वाचक. १९०४ ला त्यातला एक पाय उभा राहिला.

दुसरा पाय लिपीचा. १९०९ मध्ये न्यूयॉर्कच्या शिक्षण मंडळापुढे आपल्या शाळांत कुठली लिपी ठेवायची याची सुनावणी झाली, तेव्हा हेलनने पत्र लिहून ब्रेलची बाजू घेतली. न्यूयॉर्क शहराने न्यूयॉर्क पॉइंट सोडून दिली. पुढे १९१७ च्या सुमारास अमेरिकेने एकच सुधारित ब्रेल स्वीकारली, आणि १९३२ मध्ये अमेरिका आणि इंग्लंड यांचं एका इंग्रजी ब्रेलवर एकमत झालं. हा झगडा आपल्याला परका नाही. भारतातही वेगवेगळ्या भाषांसाठी वेगवेगळ्या ब्रेल लिप्या होत्या, १९५१ मध्ये त्या सगळ्यांची मिळून भारती ब्रेल झाली. त्यामुळे आज मराठी क आणि इंग्रजी के यांचे ठिपके तेच आहेत, एक आणि तीन.

या मधल्या काळातली हेलन फार जणांना माहीत नसते. १९०९ मध्ये ती समाजवादी पक्षात गेली. स्त्रियांच्या मताधिकारासाठी बोलली, युद्धाविरुद्ध बोलली, अंधत्वाचा गरिबीशी आणि कारखान्यांतल्या अपघातांशी असलेला संबंध उघडपणे मांडला. जर्मनीत १९३३ मध्ये नाझी विद्यार्थ्यांनी जी पुस्तकं जाळली, त्यात तिचंही होतं. तिची सगळीच मतं डोक्यावर घ्यावीत अशी नव्हती. १९१५ मध्ये शिकागोच्या एका डॉक्टरने व्यंग घेऊन जन्मलेल्या बाळावर शस्त्रक्रिया करायला नकार दिला आणि हेलनने जाहीरपणे त्या डॉक्टरची बाजू घेतली. हे वाचून मला धक्का बसला, आणि अजूनही ते मला समजलेलं नाही. पण चरित्र सांगायचं तर हेही सांगायला हवं.

पोटापाण्यासाठी दोघी व्याख्यानं देत फिरल्या, १९२० पासून चार वर्षं तर चक्क व्हॉडेव्हिलच्या रंगमंचावर, कसरतपटू आणि नकलाकार यांच्यामध्ये, वीस मिनिटांचा प्रयोग करत होत्या. लोकांना ते खालच्या दर्जाचं वाटलं. हेलनला मात्र आवडायचं. १९२४ पासून ती अमेरिकन फाउंडेशन फॉर द ब्लाइंड या संस्थेसाठी काम करू लागली आणि शेवटपर्यंत करत राहिली. तिथे तिची गाठ पडली रॉबर्ट आयर्विन यांच्याशी. लहानपणी दृष्टी गेलेला हा माणूस म्हणजे या साऱ्या कारभारामागचा खरा आर्किटेक्ट. हेलन सभा गाजवायची, आयर्विन मागे बसून विधेयकाचे मसुदे करायचे.

अंध मुलांच्या शाळेच्या पुस्तकांसाठी १८७९ पासून सरकारी अनुदान होतं. पण शाळा सुटली की पुस्तकंही सुटली. मोठ्या माणसाने वाचावं यासाठी तरतूदच नव्हती. लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये १८९७ पासून अंधांसाठी वाचनकक्ष होता, पण तो वॉशिंग्टनमध्ये. कॅन्ससच्या शेतकऱ्याला त्याचा काय उपयोग? न्यूयॉर्कच्या प्रतिनिधी रूथ प्रॅट आणि युटाचे सिनेटर रीड स्मूट यांनी यासाठी विधेयक आणलं. मार्च १९३० मध्ये हेलन संसदेच्या समितीपुढे उभी राहिली. वय ४९, जगभर नाव झालेलं. मागणी भीक किंवा पेन्शनची नव्हती, पुस्तकांची होती. वर्षभराने, ३ मार्च १९३१ रोजी राष्ट्राध्यक्ष हूवर यांनी कायद्यावर सही केली. अंध प्रौढांच्या पुस्तकांसाठी दरसाल एक लाख डॉलर्स, आणि ती पुस्तकं देशभरातल्या निवडक लायब्ररींमधून मोफत वाटायची व्यवस्था. तारीख पाहिलीत? ॲनबाई टस्कंबियाच्या स्टेशनवर उतरल्या त्याला त्या दिवशी बरोबर ४४ वर्षं झाली होती. हेलन तो दिवस दरवर्षी आपल्या आत्म्याचा वाढदिवस म्हणून पाळायची.

आता खरी मेख. ब्रेल वाचता येणाऱ्या अंध प्रौढांचं प्रमाण मुळातच कमी होतं. उतारवयात दृष्टी गेलेल्या माणसाची बोटं नव्याने अक्षर शिकायला सहसा तयार होत नाहीत. अशांसाठी आयर्विन यांना बोलतं पुस्तक हवं होतं. त्या काळच्या ७८ गतीच्या तबकडीवर चार-पाच मिनिटांत बाजू संपायची, कादंबरीला ढीगभर तबकड्या लागल्या असत्या. म्हणून फाउंडेशनच्या प्रयोगशाळेत मिनिटाला ३३⅓ फेऱ्या फिरणारी, बारीक खाचांची, सहजी न फुटणारी तबकडी तयार झाली. एका बाजूला पंधरा-एक मिनिटं, कादंबरी पंधरा-वीस तबकड्यांत. १९३४ मध्ये पहिली बोलती पुस्तकं वाचकांकडे गेली. अमेरिकेची राज्यघटना, शेक्सपिअर, आणि वुडहाउसचा जीव्ह्जसुद्धा. पु.लं.च्या लाडक्या वुडहाउसची निवड ज्याने केली त्याला माझा दंडवत. बाजारात एलपी रेकॉर्ड आल्या त्या १९४८ मध्ये. म्हणजे तब्बल १४ वर्षं ही तबकडी जवळपास फक्त अंध वाचकांकडे होती.

पण तबकडी फुकट मिळाली तरी ती वाजवणार कशावर? यंत्र विकत घ्यावं लागे, आणि मंदीचे दिवस. १९३३ मध्ये फाउंडेशनने हेलनला यंत्रांसाठी निधी जमवायची गळ घातली. ती तेव्हा स्कॉटलंडमध्ये होती. तिने तारेने चक्क नकार दिला. एक कोटी माणसं बेकार असताना फोनोग्राफसाठी लोकांकडे पैसे मागणं तिला पटत नव्हतं. बोलती पुस्तकं ही तूर्तास चैन आहे असं तिचं मत होतं.

तो नकार समजून घेताना एक गोष्ट विसरून चालत नाही. ही बाई बहिरी होती. १९२४ मध्ये तिने रेडिओच्या पडद्यावर बोटं ठेवून बीथोव्हेनची नववी सिंफनी अनुभवली होती, बोलणाऱ्याच्या गळ्यावर आणि ओठांवर हात ठेवून ती बोलणं समजू शकायची. पण तबकडीला ना गळा ना ओठ. जगातली सगळी पुस्तकं तबकडीवर आली असती तरी तिला एक ओळ वाचता आली नसती. उलट, पुस्तकांसाठी असलेल्या ठरावीक पैशांत हा नवा वाटेकरी येणार होता, ब्रेलच्या ताटातला घास घेणारा. तिच्या जागी आपण असतो तर काय केलं असतं?

दोन वर्षांत तिने आपलं मत बदललं. का, याची एक कारणमीमांसा मी माझ्यापुरती केली आहे. ॲनबाईंचा उजवा डोळा १९२९ मध्ये काढावा लागला होता, आणि १९३५ पर्यंत दुसराही जवळपास गेला. जिने आयुष्यभर डोळे फोडून दुसरीसाठी पुस्तकं वाचली, ती म्हातारपणी पुस्तकाला पारखी झालेली हेलन रोज जवळून अनुभवत होती. बोलतं पुस्तक नेमकं अशाच माणसांसाठी होतं. आणि तोडगाही असा निघाला की तिचा जुना आक्षेपच गळून पडला. रूझवेल्ट सरकारने बेकारांना काम देण्यासाठी जी प्रचंड योजना काढली होती, तिच्यातूनच यंत्रं बनवायची. हेलनने यासाठी आपलं वजन खर्च केलं, आणि सप्टेंबर १९३५ मध्ये रूझवेल्टनी २,११,५०० डॉलर्स मंजूर केले. ५००० यंत्रं. बेकारांना मजुरी मिळाली, यंत्रं लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या मालकीची, आणि वाचकाच्या घरी कायमची उसनी. १९४२ पर्यंत अशी सुमारे २३ हजार यंत्रं तयार झाली. ज्या यंत्राचा तिला स्वतःला लाकडी पेटीपलीकडे काही उपयोग नव्हता, ते घराघरांत पोचवण्यात तिचा हात होता. पंपाच्या गोष्टीपेक्षा मला ही गोष्ट मोठी वाटते.

ॲनबाई २० ऑक्टोबर १९३६ ला गेल्या. हेलनचं काम थांबलं नाही. पॉली थॉमसन या स्कॉटिश सोबतिणीबरोबर ती देशोदेशी फिरली. १९४६ मध्ये कनेक्टिकटमधलं तिचं घर जळालं, त्यात बाईंच्या चरित्राचं हस्तलिखित खाक झालं. तिने ते पुन्हा लिहिलं, १९५५ मध्ये ते प्रसिद्ध झालं. त्याच वर्षी, चौऱ्याहत्तराव्या वर्षी, तिने आशियाचा पाच महिन्यांचा, ४०,००० मैलांचा दौरा केला. भारतात पंडित नेहरूंची भेट घेतली. मुंबईत १९७७ मध्ये अंध-बधिर मुलांसाठी देशातली पहिली शाळा निघाली, तिला हेलन केलरचंच नाव आहे.

१९३१ चा कायदा त्यानंतर हळूहळू रुंद होत गेला. १९५२ मध्ये प्रौढ हा शब्द काढून मुलांनाही आत घेतलं. १९६६ मध्ये ज्यांना दिसतं पण हात थरथरतात, पुस्तक धरता येत नाही, पान उलटता येत नाही, अशांनाही. आता डिस्लेक्सियासारखी वाचनाची अडचण असलेलेही येतात. २०१९ पासून या सेवेच्या नावातच तसा उल्लेख आला. तबकड्या गेल्या, कॅसेट गेल्या, २००९ पासून डिजिटल कार्ट्रिज आली आणि इंटरनेटवरून पुस्तक उतरवून घेण्याचीही सोय झाली. माझ्या शेजारच्या एक वयस्कर बाई हे सगळं वापरतात. त्यांचा निळा प्लास्टिकचा डबा पोस्टाने येतो, तिकिटाच्या जागी हे अंधांसाठीचं मोफत टपाल आहे अशा अर्थाचे शब्द छापलेले असतात, आणि ऐकून झालं की पत्त्याचं कार्ड उलटं घालून डबा परत पोस्टात. पैसे शून्य. आपल्यापैकी कोणाचे आईवडील इथे राहत असतील, नजर कमी झाल्यामुळे वाचन सुटलं असेल, तर आपल्या राज्याच्या या लायब्ररीकडे जरूर चौकशी करा. इंग्रजी पुस्तकं तरी पोटभर मिळतील.

हेलनला १९६१ मध्ये पक्षाघाताचा झटका आला आणि ती सार्वजनिक जीवनातून बाजूला झाली. १ जून १९६८ ला, ८८ वर्षं पूर्ण व्हायला काही आठवडे असताना, झोपेत गेली. वॉशिंग्टनच्या नॅशनल कॅथीड्रलमध्ये तिच्या अस्थी ॲनबाई आणि पॉलीच्या शेजारी आहेत.

जुलै २०१६ मध्ये त्या कायद्यात आणखी एक दुरुस्ती झाली. बोलती यंत्रं जशी उसनी देतात, तशी ब्रेल दाखवणारी यंत्रंही द्यायला परवानगी मिळाली, आणि २०२० पासून ती वाचकांकडे जाऊ लागली. पुस्तक फाइल म्हणून आत येतं, आणि वरच्या पट्टीवर बारीक टाचण्या खाली-वर होऊन एका वेळी वीस अक्षरांचे ठिपके उमटतात. ओळ वाचून झाली की बटण दाबायचं, टाचण्या पुढची ओळ उभी करतात. आवाज लागत नाही, कागद लागत नाही, आणि कान नसलेल्या माणसालाही ते सगळंच्या सगळं वाचता येतं.